उठवलेले सेल

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळपासून दुकानात एकच गिऱ्हाईक आलं, आणि तेही वेळ विचारायला. खिशात मोबाइल असून घड्याळाच्या दुकानात वेळ विचारायला येणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? मी म्हटलं, "दहा वीस. फुकट." तो हसला नाही.

असे दिवस आलेत म्हणून ही वही. बाबांनी या टेबलावर बत्तीस वर्षं घड्याळं उघडली, त्यांच्यामागे मी सत्तावीस. आता लोक घड्याळ दुरुस्त करत नाहीत, टाकून देतात. पण गेल्या वर्षभरात माझ्याकडे विजेच्या सायकलींच्या आणि स्कूटरच्या सोळा बॅटऱ्या आल्या, आणि सोळाच्या सोळा चालत्या होऊन परत गेल्या. पन्नाशी उलटल्यावर नवा धंदा शिकले, याचा मला अभिमान आहे. तो वहीत तरी लिहायला हरकत नाही, घरात बोलून दाखवला की हे म्हणतात, "झालं, आता वीज मंडळाची घड्याळकाकू!"

सुरुवात केली ती फिजिओबाईंनी. घरोघरी सायकलवर जाऊन त्या लोकांचे आखडलेले गुडघे-खांदे चालते करतात. गेल्या वर्षी त्यांची बॅटरी बसली, तेव्हा म्हणाल्या, "काकू, एवढं बारीक काम करता, ही उघडून बघा ना." उघडली. आत बोटाएवढे चाळीस सेल, निकेलच्या पट्टीने एकमेकांना जोडलेले. चार मेलेले होते, ते बदलले. त्यांनीच पुढे सगळीकडे माझं नाव केलं. आज त्यांची तीच बॅटरी पुन्हा आली. म्हणाल्या, "चढावर दम टाकते हो." मी म्हटलं, "वय झालंय तिचं."

६ फेब्रुवारी, गुरुवार

फिजिओबाईंच्या बॅटरीत पाच सेल गेलेले निघाले. मीटर लावला तर काटा जागचा हलेना. नवे सेल हवेत, पण त्या मापाचे, त्या जातीचे मिळत नाहीत, आणि भलतेच घातले तर पंक्तीत एक जण भरभर जेवणारा बसवल्यासारखं होतं. म्हणून मी उठवले. अगदी मुंगीच्या पावलाने करंट दिला, तीन दिवस. बॅटरीच्या आत एक राखणदार पट्टी असते, ती असल्या मेलेल्या सेलना चार्जच होऊ देत नाही, त्यामुळे सेल सुटे काढून करावं लागतं. तिसऱ्या दिवशी पाचही जण उठून बसले.

ज्यांचे व्हिडिओ बघून मी शिकले ते गृहस्थ मात्र दर वेळी बोट नाचवून सांगतात: इतका उतरलेला सेल पुन्हा भरू नका, टाकून द्या. उंटावरचे शहाणे. टाकून द्या म्हणायला कारागीर कशाला लागतो? बंद पडलेलं घड्याळ मेलेलं नसतं, हे मी बाबांकडून लहानपणीच शिकले. साफ करा, तेल द्या, धीर धरा.

उठवलेल्या प्रत्येक सेलच्या बुडाला मी सुईने बारीक गोल करते आणि त्यात एक टिंब. बाबा प्रत्येक घड्याळाच्या झाकणाच्या आत स्वतःची खूण कोरत. गिऱ्हाईकाला ती कधी दिसत नाही, पण घड्याळ दहा वर्षांनी परत आलं तर आपला हात आपल्याला ओळखता यावा. सोळांपैकी सहा बॅटऱ्यांमध्ये माझी ही खूण आहे. ही सातवी.

आता बाबांचा दुसरा नियम. दुरुस्त केलेलं घड्याळ लगेच द्यायचं नाही. आठ दिवस स्वतःच्या मनगटावर बांधायचं, त्याच्यासोबत जेवायचं, झोपायचं. मगच गिऱ्हाईकाच्या हातात. बॅटरी मनगटावर बांधता येत नाही, म्हणून मी ती घरी नेते. आमच्या पॅसेजमध्ये दाराशेजारी स्टूल आहे, त्यावर ठेवते, रोज भरते, रोज उतरवते. येता-जाता हात लावून बघते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पाचातला एक सेल हट्टी आहे. भरून ठेवला की आपोआप थोडा उतरतो. नव्या तेलाने घड्याळही आठ दिवस मागे-पुढे होतं, मग रुळतं. उतरला की पुन्हा भरते. बॅटरीची एक बाजू कोमट लागते, झोपलेल्या मांजराच्या पोटासारखी. जिवंत असल्याचंच लक्षण.

हे सकाळी म्हणाले, "अगं, नखांचा रंग पुसायचं औषध सांडलंय का? गोडूस वास येतोय पॅसेजमध्ये."

"तीस वर्षांत माझी नखं रंगवलेली पाहिलीत कधी?"

"म्हणून तर विचारतोय. म्हटलं आता सुरुवात केलीस की काय."

मला काही वास आला नाही. दिवसभर घड्याळं धुवायचं पेट्रोल आणि तेल हुंगून माझं नाक केव्हाच कामातून गेलंय. खिडकी उघडली, बस्स.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हे जिवंत आहेत. बाकी काही लिहिता येत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर माझं मलाच लागणार नाही.

परवा दुपारी एक वाजता खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन आला. नुसत्याच ओरडत होत्या. "धूर, धूर" एवढंच कळलं. मी दुकान उघडं टाकून धावले. जिन्यात अग्निशमनवाल्यांचे पाइप, पायांखाली पाणी, आणि आमचं दार म्हणजे नुसतं काळं भोक. पॅसेजच्या भिंतीवर छतापर्यंत काजळी. स्टूल नव्हतंच. त्या जागी फरशी तडकली होती आणि लांब लांब फेकले गेलेले सेल पडले होते, काही स्वयंपाकघरापर्यंत गेले होते. आतल्या खोलीतली चारही घड्याळं चालू होती. मला त्यांचाच संताप आला.

घराबाहेर पडायचं एकच दार, आणि मी ती बॅटरी बरोब्बर त्याच्याच शेजारी ठेवली होती. सात दिवस मी तिथून जात-येत होते आणि हे एकदाही डोक्यात आलं नाही.

हे वामकुक्षी घेत होते. फटफट आवाज झाला म्हणून उठून आले, तर बॅटरीतून पांढरा धूर जोरात सुटला होता, प्रेशर कुकरची शिट्टी जाते तसा. त्यांनी काय करावं? पळावं ना? उडी मारून पलीकडे जाऊन दार उघडून जिना उतरावा ना? त्यांनी ती बॅटरी दोन्ही हातांनी उचलली. तेवढ्यात ज्वाळा निघाल्या आणि ती तिथेच हातातून सुटली. तशातही दार उघडून ते बाहेर पडले ते देवाच्या कृपेने म्हणा किंवा जन्मभर बस चालवून कमावलेल्या धिटाईने म्हणा. वहिनींना ते जिन्यात बसलेले सापडले, हात पुढे धरून.

दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत भाजले आहेत. छातीत धूर गेलाय, आवाज बसलाय. डॉक्टर म्हणाल्या, धोका टळलाय, पण बोटं पूर्वीसारखी वळतील का ते आत्ता सांगता येणार नाही.

मी त्यांना विचारलं, "अहो, उचलायची कशाला? कशाला उचललीत?"

ते कुजबुजले, "गिऱ्हाईकाची होती ना."

लग्न झाल्यापासून मी त्यांच्या कानीकपाळी ओरडत आलेय की दुकानदाराच्या घरात गिऱ्हाईकाची वस्तू आधी, मग आपली. आयुष्यभर माझं एकही वाक्य धड न ऐकणाऱ्या माणसाने नेमकं हेच ऐकलं होतं.

चार्जर फिजिओबाईंनी दिला होता, स्वस्तातला, बिननावाचा. त्याचाच दोष असणार. काल इथूनच मी बाकीच्या पंधराही गिऱ्हाइकांना आवाजी निरोप पाठवला: "बॅटरी उत्तम आहे, पण चार्जर ताबडतोब बदला." आपल्यामुळे आणखी कुणाला त्रास नको.

१६ फेब्रुवारी, रविवार

फिजिओबाई फळं घेऊन आल्या आणि ह्यांचे हात बघून तिथेच रडायला लागल्या. "काकू, माझ्यामुळे झालं. मी चार पैसे वाचवायला तो चार्जर घेतला." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "तुम्हाला काय कल्पना, बाई."

१७ फेब्रुवारी, सोमवार

अग्निशमन दलाचे अधिकारी घर बघायला आले. शांत माणूस, सारखा खोकत होता. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर जळलेले सेल एकेक करून मांडले, अगदी मी मांडते तसे. बरेचसे जळून काळे झाले होते. एकच पुढून पूर्ण फाटलेला होता, पत्र्याच्या पाकळ्या बाहेर वळलेल्या.

"सुरुवात याने केली असावी," ते म्हणाले. "आतून बिघडलेला एक सेल तापतो, मग शेजाऱ्याला तापवतो. माळच लागते. पाणी ओतलं तरी पुन्हा पेटतात. अशा वेळी कुणी हात लावू नये. बाहेर पडावं, दार ओढून घ्यावं, आम्हाला बोलवावं." मग म्हणाले, "चार्जर साधाच दिसतोय. त्याने जास्त करंट ढकलला असेल."

मी सवयीने खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि तो फाटलेला सेल उलटा केला. काजळी अंगठ्याने पुसली.

बुडाला बारीक गोल होता. त्यात टिंब.

तो हट्टी सेल होता. मीच उठवलेला. भिंग डोळ्यावरून काढायचंही मला सुचेना.

"ते ओरखडे कसले?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"कारखान्याचे असतील," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि कागदावर चार्जर असं लिहिलं. माझ्यासमोर लिहिलं. मी बघत राहिले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काल रात्रभर ते व्हिडिओवाले गृहस्थ बोट नाचवत होते. सकाळी त्यांचा जुना व्हिडिओ पुन्हा लावला. ज्या ठिकाणी मी दर वेळी कंटाळून पुढे जायची, तिथे या वेळी थांबले. पार उतरलेल्या सेलच्या आत तांबं विरघळतं, म्हणाले. पुन्हा भरलं की ते भलत्या जागी सुईसारखं वाढतं आणि एक दिवस आतल्या आत दोन टोकं जोडली जातात. बाहेरून काही कळत नाही. एखाद्या वेळी सेल स्वतःहून उतरतो, एखाद्या वेळी कोमट लागतो, गोड वास येतो. म्हणजे मला सगळं सांगितलं होतं. व्हिडिओने सांगितलं, सेलने सांगितलं, ह्यांच्या नाकाने सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

घड्याळात कमान तुटली तर घड्याळ बंद पडतं. फार तर माणसाची गाडी चुकते. माझ्या डोक्यात सत्तावीस वर्षं एवढंच नुकसान होतं.

दुपारी ह्यांना सूप भरवत होते. ह्यांना बोलायला बंदी आहे, तरी म्हणाले, "त्या चार्जरवाल्याला सोडू नकोस. माझ्या बायकोच्या हातात दोष नाही, हे सांग सगळ्यांना." माझ्या हातातला चमचा त्यांच्या हनुवटीला लागला. सूप सांडलं. पुसत राहिले.

आणखी सहा बॅटऱ्या लोकांच्या घरांत आहेत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस ठरवते आहे आणि मोडते आहे. खरं सांगितलं तर दुकान गेलं, बाबांचं नाव गेलं, कदाचित पोलीस. नाही सांगितलं तर सहा घरं. हिशेब एवढा सोपा आहे आणि मला जमत नाही. शेवटी मधली वाट काढली. सर्वांना सांगायचं, तपासणी आहे, बॅटरी चार दिवस द्या. द्यायची मात्र नाही परत.

पाववाल्याने हातात दिली, चौकशीही केली नाही. कुरियरवाला मात्र उखडला. "काकू, तुम्हीच म्हणालात बॅटरी उत्तम, चार्जर बदला. बदलला. आता बॅटरी पण? मग माझी पार्सलं काय डोक्यावरून वाहू?" खरंच की. मीच माझ्या तोंडाने त्यांना बिनघोर केलं होतं. तासभर घासाघीस केली, शेवटी आमच्या ह्यांची जुनी सायकल त्याला वापरायला दिली, तेव्हा बॅटरी सुटली.

शिकवणीवाल्या ताईंकडे गेले तर बॅटरी झोपायच्या खोलीत, खाटेखाली. चार्जरचा दिवा हिरवा. खाटेवर त्यांची मुलगी तापाने झोपलेली. ताई म्हणाल्या, "तिथे बरी राहते, कुणाच्या पायात येत नाही." वाकून वायर काढली, बॅटरी उराशी धरली आणि पाणीही न घेता निघाले. त्या मागून म्हणत होत्या, "अहो, चहा तरी."

दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेत लोखंडी पिंप ठेवलंय, वाळू भरून. एकेक आत पुरतेय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पाच झाल्या. दोघांनी फोनवर शिव्या दिल्या, पण दिल्या बॅटऱ्याही. राहिले एक पंचसाहेब.

पंचसाहेब म्हणजे फुटबॉलचे निवृत्त पंच. पायांतली ताकद गेली, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. खुर्ची विजेवर चालणारी, पण जुनी, तिची बॅटरी कुठे मिळत नव्हती, म्हणून दोन वर्षं ते चौथ्या मजल्यावर खिडकीशी बसून होते. त्यांचे व्यायाम फिजिओबाई घेतात, त्यांनीच मला सांगितलं. मी ती बॅटरी उठवली. चांगली जिद्दीने उठवली: नऊ सेल. सगळ्यांत जास्त. दीड महिन्यापूर्वी ते पहिल्यांदा खाली आले, मैदानाच्या कडेला खुर्ची लावून मुलांच्या खेळात शिट्टी मारली, तेव्हा मी दुकानातून टाळ्या वाजवल्या होत्या. ती बॅटरी त्यांच्या बुडाखाली असते. आणि त्यांना उठता येत नाही.

सर्वांत आधी त्यांच्याकडे जायला हवं होतं. सर्वांत शेवटी चाललेय. हे कुणी दुसऱ्याने केलं असतं तर मी त्याला काय काय बोलले असते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी गेले. फिजिओबाई तिथेच होत्या, पंचसाहेबांचा पाय हातात घेऊन मोजत होत्या, "सात, आठ."

मी तपासणीचं पुराण लावलं. पंचसाहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कारण?"

"साधी तपासणी आहे हो, सगळ्यांच्याच..."

"बाई, पस्तीस वर्षं मी खेळाडूंच्या तोंडाकडे बघून सांगत आलोय, पडला की पाडला. कारण सांगा. नाहीतर बॅटरी मिळायची नाही. मी तुमच्या तपासणीसाठी पुन्हा त्या खिडकीत बसणार नाही. चार दिवस म्हणाल आणि चार महिने लावाल."

मी फिजिओबाईंकडे पाहिलं. वाटलं, त्या गेल्या की सांगू. मग वाटलं, त्या गेल्या की मी सांगणारच नाही. तेव्हा उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मेलेले सेल, टाकून द्या म्हटलेलं न ऐकणं, गोल आणि टिंब. चार्जर चांगला होता. दोष माझा. तुमच्या खुर्चीत तसले नऊ आहेत.

फिजिओबाईंनी पाय हळूच खाली ठेवला. "म्हणजे माझ्या चार्जरने नाही," त्या म्हणाल्या. "दहा दिवस मी एक घास धड खाल्ला नाही, काकू. माझ्या पाठीवरून हात फिरवलात तुम्ही."

मी पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढला.

पंचसाहेब लाल झाले. "तुम्हाला कळून किती दिवस झाले?"

"सात."

"सात दिवस मी त्याच्यावर बसलोय आणि तुम्ही दुकानातून मला हात करत होतात?"

"हो."

"काढा," ते ओरडले. "आधी मला यावरून काढा!"

फिजिओबाईंनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. त्यांचं सगळं वजन माझ्या खांद्यावर आलं. साध्या लाकडी खुर्चीवर बसवलं, खिडकीशी. दुसरी जागाच नव्हती. मी गुडघ्यांवर बसून स्क्रू काढले. चार स्क्रू काढायला मला घड्याळातही एवढा वेळ लागला नव्हता. बॅटरी पूर्ण भरलेली होती, सकाळीच चार्ज केलेली. कोमट नव्हती. तरी लिफ्टने न्यायची हिंमत झाली नाही, चार मजले जिन्याने उतरले.

दारातून निघताना ते म्हणाले, "पुन्हा येऊ नका."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

अधिकाऱ्यांना जाऊन सांगितलं. खोटं बोलले तेही सांगितलं. त्यांनी खोकत खोकत सगळं लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, सही घेतली. "पुढे काय होईल ते मी ठरवत नाही," म्हणाले. पिंप त्यांची माणसं घेऊन गेली, अग्निशमन केंद्राच्या मागच्या उघड्या मैदानात ठेवायला. निकामी करणारा माणूस दोन-तीन दिवसांनी येईल. पंधराही गिऱ्हाइकांना नवा निरोप पाठवला, या वेळी खरा. उरलेल्या नऊ जणांनाही बॅटऱ्या आणून द्यायला सांगितलंय. ज्या हाताने त्या सहा केल्या त्याच हाताचं हेही काम. उत्तरं वाचायची नाहीत असं ठरवलं होतं, सगळी वाचली.

मग ह्यांना सांगितलं. ते बराच वेळ छताकडे बघत होते. मी वाट बघत होते की ओरडतील. ओरडा हो, म्हटलं मनात. शेवटी म्हणाले, "पाणी दे." मी पेला धरला. प्याले. आणि मग ते दोन पांढरे बोळे झालेले हात त्यांनी चादरीखाली घ्यायचा प्रयत्न केला, मला दिसू नयेत म्हणून. जमलं नाही. मीच चादर ओढून दिली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी अधिकाऱ्यांचा फोन आला. "काल पिंपातली एक पेटली. स्वतःहून. कुणाला काही झालं नाही, मैदान उघडं आहे. पण कुठली होती ते तुम्हीच सांगू शकाल."

गेले. पिंप एका बाजूने जांभळं पडलं होतं, वाळूचे काचेसारखे गोळे झाले होते. बाकीच्या पाच त्यांनी वेळेत ओढून काढल्या होत्या. जळालेले सेल त्यांनी पुन्हा वर्तमानपत्रावर मांडले. मी भिंग लावलं. एकेक बूड पुसत गेले आणि खुणा मोजत गेले. नऊ झाल्यावर थांबले. नऊ उठवलेले सेल एकाच बॅटरीत होते.

पुन्हा येऊ नका म्हणाले होते, तरी गेले. चार मजले जिन्यानेच चढले, आता कारण नसताना. फिजिओबाईंनी दार उघडलं, बाजूला झाल्या. पंचसाहेब त्याच लाकडी खुर्चीवर, खिडकीशी. खाली मैदान रिकामं होतं. त्यांनी मान वळवली नाही.

"मी परत मागायला आले नाहीये काही," मी म्हटलं. "काल तुमची बॅटरी पेटली. पिंपात. तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून आले."

मग त्यांनी विचारलं, "किती वाजता?"

"साडेचारला."

ते खिडकीबाहेरच बघत होते. फिजिओबाईंनी हातातला टॉवेल घट्ट धरला. त्यांना आधी कळलं, मला नंतर.

"शाळा सुटून पोरं पावणेपाचला मैदानात येतात," पंचसाहेब म्हणाले. "साडेचारला मी लिफ्टमध्ये असतो. एकटा."

मी तिथेच फरशीवर बसले.